मराठीच्या बाईंची गाडी

कोडोलीच्या हायस्कूलमध्ये मी गणित शिकवायला लागले, तेव्हा कोल्हापुरातून रोज येऊन-जाऊन करणाऱ्या आम्ही तिघी होतो. मराठीच्या बाई सगळ्यांत जुन्या. त्यांच्याइतकं शुद्ध बोलणारं माणूस शाळेत दुसरं नव्हतं. एखादा पोरगा 'न्हाय' म्हणाला की त्या खडू टेबलावर ठेवत, आणि तो 'नाही' म्हणेपर्यंत धडा पुढं सरकत नसे. विज्ञानाच्या मॅडम माझ्याहूनही लहान, बिनलग्नाच्या, त्यांच्या घरातल्या पहिल्या ग्रॅज्युएट. त्या कमी बोलत, आणि बोलत ते तोंडावर बोलत. वयानं मोठ्या त्या बाई आणि नव्या त्या मॅडम, असा शाळेत रिवाज होता. मी दोघींच्या मधे असल्यामुळं मला कुणी बाई म्हणे, कुणी मॅडम.

आम्ही बसनं जायचो. बस आमच्या थांब्यावर यायची ती भरूनच यायची. प्रार्थना चुकली तर हेडमास्तर काही बोलत नसत. फक्त आम्ही दारातून आत येत असताना ते भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत उभे राहायचे. त्या घड्याळाला दिवसातून किती वेळा किल्ली मिळायची ते आमच्या बसवर अवलंबून होतं.

बाईंच्या घरी एक चारचाकी होती. फिकट निळी, जुनी, गियर स्टिअरिंगच्या दांड्याला असलेली. ती त्यांच्या यजमानांनी घेतली होती. यजमान सरकारी कचेरीत कारकून. घरात, गल्लीत, कचेरीत सगळीकडं त्यांना अण्णाच म्हणत, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणायचो. बायकोला घेऊन बाहुबलीला दर्शनाला जायचं, मुलींच्या सासरी जायचं, असं बरंच काही मनात धरून अण्णांनी ती गाडी घेतली होती. पहिल्या रविवारी ते ती घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि सार्वजनिक नळाला धडकले. नळ मुळातून उपटला. त्या काळात पाणी तासभरच यायचं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाहत राहिलं. गल्लीतल्या बायकांनी घागरी, बादल्या, पिंपं, जे असेल ते भरून घेतलं, आणि जाता-येता त्या अण्णांचे आभार मानत राहिल्या. अण्णांना ते फार लागलं. त्यांनी गाडी ढकलत अंगणात आणून लावली, किल्ली देवघराच्या फळीवर ठेवली आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. कचेरीत जाताना ते अंगणातून गाडीला वळसा घालून जायचे. वाट वास्तविक गाडीच्या जवळून सरळ होती.

ती किल्ली एक दिवस बाईंनी फळीवरून काढली. त्या दिवशी सलग तीन बसनी आम्हाला घेतलं नव्हतं. बाईंचं वय तेव्हा पन्नाशीला टेकलं होतं. त्यांनी ड्रायव्हिंग क्लास लावला, लायसन्स काढलं, आणि दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा गाडी आमच्या थांब्यावर येऊन उभी राहिली. खिडकीची काच खाली करून बाई म्हणाल्या, "बसा. दार जोरात ओढावं लागतं."

गाडी चांगली चालायची. फक्त ती रोज चालायची नाही. रेल्वे फाटकाजवळच्या एका मिस्त्रीकडं बाई ती न्यायच्या. मिस्त्री 'उद्या या' म्हणायचा, आणि आमचा आठवडा परत बसनं जायचा. एकदा बाईंबरोबर मीही गेले होते. बाईंनी विचारलं, नेमकं बिघडलंय काय?

मिस्त्री म्हणाला, "सायबास्नी पाठवून द्या की. त्यांना सांगतो."

"साहेब गाडीकडे बघत नाहीत."

"मग डायवरला पाठवा."

"तो मीच," बाई म्हणाल्या.

मिस्त्रीनं बराच वेळ चिंधीला हात पुसले. मग म्हणाला, "उद्या या."

परतताना आम्ही शिवाजी पुतळ्यापाशी आलो. तिथं बाई म्हणाल्या, "आपण तिघी मिळून दहावीच्या वर्गाला भूमिती, प्रकाशाचं परावर्तन आणि समास शिकवतो. एक प्लग साफ करायला काय लागतं?"

असं ते सुरू झालं. रविवारी सकाळी मॅडम विहारात जाऊन मग यायच्या, मी घरचं आटपून यायची, आणि बाईंच्या अंगणात आम्ही गाडीचं बॉनेट उघडून उभ्या राहायचो. पहिले काही रविवार आम्ही नुसत्याच उभ्या राहिलो. मग मॅडमनी सांगितलं की आत हवा, पेट्रोल आणि ठिणगी या तीनच गोष्टी लागतात. गाडी बंद पडली म्हणजे यातली एक कमी आहे, ती कुठली एवढंच शोधायचं. हे ऐकल्यावर मला हायसं वाटलं. तीन अज्ञात राशी म्हणजे फार नव्हेत.

मॅडम शोधायच्या, मी मोजमाप आणि हिशेब बघायची, आणि गाडीखाली शिरायचं काम बाईंनी स्वतःकडं घेतलं. गाडी त्यांची आणि लुगडी जुनी झालेलीही त्यांचीच, असं कारण त्यांनी दिलं. मला त्यात एक गोष्ट नवी कळली. बाई गाडीखाली गेल्या की त्यांची भाषा बदलायची. वर्गात 'मी बघते' म्हणणाऱ्या बाई खालून म्हणायच्या, "तिकडनं धरा की. मी बगतो हितनं." मॅडमनी एकदा वाकून विचारलं, "बाई, हे प्रमाण मराठी का?" खालून उत्तर आलं, "पाना द्या."

घरी माझ्या हातांना पेट्रोलचा वास येतो म्हणून सासूबाईंनी रविवारच्या भाकरी स्वतःकडं घेतल्या. काही महिन्यांनी सोमवारच्याही घेतल्या. मी तो वास पूर्ण जाऊ न देण्याची थोडी काळजी घ्यायची.

अण्णा या सगळ्या वेळात अंगणालगतच्या सोप्यावर खुर्ची टाकून पेपर वाचायचे. पेपर ते असा धरायचे की गाडी त्यांना दिसू नये. बाई म्हणायच्या, "असू दे. बसलेत तर बसलेत."

एका मे महिन्यात बाईंना वाटलं की प्लगच्या वायरी फार मळल्यात. आम्ही दोघी चहा घेत होतो तेवढ्यात त्यांनी चारही वायरी उपटल्या आणि साबणाच्या पाण्यात टाकल्या. धुऊन, पुसून, दोरीवर वाळत घातल्या. संध्याकाळ व्हायला लागली तेव्हा लावायला घेतल्या, आणि कुठली वायर कुठल्या प्लगची हे कुणालाच माहीत नव्हतं. लांबीला त्या जवळजवळ सारख्या होत्या.

मॅडम म्हणाल्या, "प्रत्येक प्लगला त्याच्या पाळीला ठिणगी मिळाली पाहिजे. पाळी चुकली तर चालणार नाही."

मी म्हणाले, "चार वायरी, चार प्लग. म्हणजे चोवीस प्रकार होतात."

"त्यातला बरोबर एकच," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी सूर्याकडं बघितलं. त्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण व्हायचं, वर्षानुवर्षं. "मग लावा पटापट," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन स्टिअरिंगला बसल्या.

मी अंगणातल्या फरशीवर खडूनं चोवीस ओळी लिहिल्या. खडू पर्समध्ये असायचाच. मी ओळ वाचायची, मॅडम वायरी लावायच्या, बाई किल्ली फिरवायच्या. पहिल्या प्रकारात काहीच झालं नाही. दुसऱ्यात गाडी खोकली. पुढं एकदोनदा ती जागच्या जागी हादरली. आणि मग एका प्रकाराला मागच्या नळीतून असा बार उडाला की समोरच्या घरावरची कबुतरं उठून दोन गल्ल्या पलीकडं जाऊन बसली. शेजारच्या आजी काठी टेकत फाटकाशी आल्या.

"कुणाचं लगीन हाय व्हय?"

"नाही आजी, वायरी लावतोय," मी म्हणाले.

"बरं," आजी म्हणाल्या, आणि तिथंच कट्ट्यावर बसल्या.

आणखी दोन बार झाल्यावर मॅडम थांबल्या. त्यांनी सगळ्यांत पुढचा प्लग खोलला, त्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि मला पंख्याचा पट्टा हळूहळू ओढायला सांगितला. आतली हवा अंगठा ढकलायला लागली तेव्हा त्यांनी वायरींच्या डबीचं झाकण काढून आतला काटा कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं. "पहिली वायर इथली," त्या म्हणाल्या. "ही नक्की."

"म्हणजे सहाच उरले," मी म्हणाले आणि फरशीवरच्या अठरा ओळी पायानं पुसल्या.

त्या सहातल्या चौथ्या प्रकाराला गाडी सुरू झाली. नुसती सुरू झाली नाही, शिवणयंत्रासारखी सुरू झाली. आम्ही तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. आम्ही तिघी ऐकत उभ्या राहिलो. पेपराच्या मागून अण्णांचा आवाज आला.

"सुरू झाली व्हय?"

"झाली," बाई म्हणाल्या.

"मग बंद करा. पेट्रोल जळतंय."

बाईंनी गाडी बंद केली, हात धुतले आणि जेवायला बसल्या. ऊन तेव्हा समोरच्या कौलांवर होतं.

या सगळ्यात अण्णा गाडीत एकदाही बसले नव्हते. पण पुढच्या वर्षी कोडोलीत त्यांच्या मावसभावानं घर बांधलं आणि वास्तूला या म्हणून निरोप आला. शनिवार होता, आमची सकाळची शाळा. बाई म्हणाल्या, "आमच्याबरोबर चला, दुपारी बरोबरच येऊ." अण्णांनी बसची चौकशी केली. बस त्या दिवशीही भरूनच गेली. मग ते मागच्या सीटवर मॅडमच्या शेजारी येऊन बसले आणि सबंध रस्ताभर खिडकीतून उसाकडं बघत राहिले. मधे एकदा त्यांनी विचारलं, "ब्रेक लागतात न्हवं?" बाईंनी लावून दाखवला.

येताना दुपार झाली होती. वाघबीळच्या चढाच्या अलीकडं अण्णा सीटवर तिरपे झाले. त्यांना घाम फुटला होता. मॅडमनी विचारलं, तेव्हा ते दातावर दात दाबून म्हणाले, "मुतखडा हाय. मागं एकदा झालतं. तसंच दुखतंय. शाहूपुरीतल्या डॉक्टरकडं न्या मला."

बाईंनी वेग वाढवला. चढ अर्धा झाला आणि गाडीनं दोन-तीन आचके दिले आणि ती थांबली.

बाईंचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा तसा पाहिला. त्या स्टिअरिंग धरून नुसत्या समोर बघत होत्या. मागं अण्णा कण्हत होते. मग बाई उतरल्या, पदर खोचला आणि बॉनेट उघडलं.

तेवढ्यात भाड्यानं माणसं भरून नेणारी एक वडाप जीप थांबली. आत माणसं एकमेकांच्या मांडीवर होती, मागं चौघं लोंबकळत होते. ड्रायव्हर म्हणाला, "बसवतो की एका माणसाला." अण्णांनी जीपकडं बघितलं आणि मान हलवली. त्यांना बसता येतच नव्हतं. सीटवर गुडघे टेकून, तिच्या पाठीकडं तोंड करून ते कसेबसे टिकून होते. जीप गेली.

मॅडमनी ठिणगी पाहिली. ठिणगी होती. कार्बोरेटरला येणारी पेट्रोलची नळी त्यांनी सोडवली आणि बाईंना किल्ली फिरवायला सांगितली. नळीतून एक थेंब आला नाही. "पंप गेला," मॅडम म्हणाल्या. "टाकीत पेट्रोल आहे, पण ते वर येत नाही."

"मग?" मी विचारलं.

"वरून खाली सोडलं तर येईल. पाणी येतं तसंच."

रेडिएटरसाठी आम्ही पाण्याचा एक प्लास्टिकचा कॅन नेहमी बाळगायचो. तो ओतून, पुसून कोरडा केला. नळी हवी होती. रस्त्याच्या वरच्या अंगाला एक घर बांधायचं काम चाललं होतं आणि गवंडी भिंतीची पातळी बघत होता, पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी घेऊन. मी चढून वर गेले आणि त्याच्याकडं ती मागितली.

गवंडी खाली उतरून गाडीपर्यंत आला. त्यानं सीटवर ओणवे झालेल्या अण्णांना बघितलं. "पावणं, नळी घ्या. पर मी पातळी कशानं बगू?"

"थोडी कापून द्या, बाकीची तुम्हाला," मी म्हणाले.

"कापल्यावर ती कशाला पुरतीया. घ्या सगळी," तो म्हणाला. "भिंत काय आजच पडत न्हाय."

मॅडमनी नळीतलं पाणी काढून टाकलं, ती टाकीत घालून तोंडानं पेट्रोल ओढलं, कॅनमध्ये सोडलं आणि बराच वेळ रस्त्याच्या कडेला थुंकत राहिल्या. नळीचं एक टोक कॅनच्या तळाशी, दुसरं कार्बोरेटरला, तारेनं आवळून. बॉनेट थोडं उघडं ठेवून ते माझ्या ओढणीनं बांधलं. आता कॅन गाडीच्या टपावर धरायला कुणीतरी हवं होतं. मी पुढच्या सीटकडं निघाले तर अण्णा आधीच मागच्या दारातून उतरून पुढं येत होते, कमरेत वाकून.

"मला द्या तो," ते म्हणाले. "कायतरी घट्ट धरलं की बरं वाटतंय."

असे आम्ही निघालो. अण्णा पुढच्या सीटवर गुडघ्यांवर उभे, धड खिडकीबाहेर, दोन्ही हातांनी टपावरचा कॅन धरलेला. कळ आली की ते कॅन आवळायचे आणि पेट्रोल जास्त जाऊन गाडी उड्या मारायची. बाई म्हणायच्या, "हळू." अण्णा म्हणायचे, "माझ्या हातात हाय व्हय ते?" केर्ली येईपर्यंत दोघांचं हेच चाललं होतं. लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसांना मी गाडी मिळून चालवताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

शिवाजी पुलाच्या तोंडाशी ट्रॅफिक पोलिसानं हात केला. तो गाडीभोवती फिरला. त्यानं कॅन बघितला, त्यातून खाली गेलेली नळी बघितली, घामानं भिजलेले अण्णा बघितले.

"ह्यास्नी काय झालंया?"

"मुतखडा," बाई म्हणाल्या.

पोलिसानं पुन्हा एकदा कॅनकडं आणि नळीकडं बघितलं. त्याचा चेहरा मऊ झाला. "सोडा, सोडा रे," त्यानं पुढच्या ट्रकला शिट्टी मारली. "पेशंट हाय. सलायन लावलंय." आणि त्यानं आम्हाला पुलावरून सगळ्यांच्या आधी काढून दिलं. मॅडम मागच्या सीटवरून हळूच म्हणाल्या, "आता कुणी काडी ओढली नाही म्हणजे मिळवलं."

दवाखान्याच्या दारात अण्णांच्या हातातून कॅन सोडवायला आम्हाला दोघींना लागावं लागलं. बोटं आखडली होती. त्यांना आत नेलं, सुई दिली, रात्रभर ठेवून घेतलं. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या आणि तिथं पहिल्यांदा रडल्या, आवाज न करता. मॅडमनी त्यांना पाणी आणून दिलं. मी पाठीवर हात ठेवला, तर तो ऑइलचा होता. लुगड्यावर पाच बोटं उठली. ती मी त्यांना घरी गेल्यावर सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खडा पडला. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्यायल्यामुळं पडला असेल. अण्णांचं म्हणणं होतं की तो बाईंनी वाघबीळच्या उतारावर ज्या खड्ड्यातून गाडी घातली, तिथंच सुटला. भेटायला आलेल्या प्रत्येकाला ते खडा काडेपेटीतून काढून दाखवत आणि खड्ड्याची जागा सांगत.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही पंपाचा फाटलेला पडदा बदलत होतो. अण्णा सोप्यावरून पेपर ठेवून उठले, पायऱ्या उतरले आणि गाडीपाशी येऊन उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांनी पान्यासाठी हात पुढं केला. मॅडमनी पाना दिला. अण्णांनी पंपाचा एक बोल्ट आवळला. तो आधीच आवळलेला होता. त्यांनी आणखी जोर लावला आणि बोल्टचं डोकं तुटून त्यांच्या तळहातावर आलं.

अण्णा त्याकडं बघत राहिले. नळाच्या वेळी त्यांचा चेहरा कसा झाला असेल, याचा मला तेव्हा अंदाज आला.

"राहू दे," बाई गाडीखालून म्हणाल्या. "तसला दुसरा मिळतो."

दुसरा मिळाला. तो अण्णाच जाऊन घेऊन आले, आणि पुढच्या रविवारपासून पाट घेऊन खाली बसायला लागले. गाडी त्यांनी पुढंही कधी चालवली नाही. पण रोज सकाळी बाई आवरेपर्यंत ते ती सुरू करून ठेवायचे, तापवायचे, हवा बघायला चाकांना एकेक लाथ मारायचे. त्यांना हे काम इतकं आवडायला लागलं की सुट्टीच्या दिवशीही ते गाडी तापवायचे आणि मग बंद करायचे. पेट्रोल जळतंय असं कुणी म्हणालं नाही.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा माझी बदली संस्थेच्या गडमुडशिंगीच्या शाळेत झाली होती आणि मॅडमनी स्वतःची स्कूटर घेतली होती. गाडी विकायची ठरली. बिद्रीहून एक ऊस बागायतदार बघायला आला. त्यानं बॉनेट उघडलं, वाकून आवाज ऐकला, ऑइलचं बोट अंगठ्यावर चोळून बघितलं. मग म्हणाला, "लई झ्याक ठेवलीया. मिस्त्री कोण? पत्ता द्या की त्याचा."

"मिस्त्री नाही. आम्हीच," बाई म्हणाल्या.

तो हसला आणि अण्णांकडं वळला. "तुमीच खरं सांगा, पावणं."

अण्णांनी आम्हा तिघींकडं हात केला. माणूस आमच्याकडं बघत राहिला, मग पुन्हा इंजिनाकडं. किल्ली घेऊन बसला, तर गाडी सुरू होईना. अण्णा खिडकीशी गेले आणि त्याला चोक कुठं आहे ते दाखवलं, किती ओढायचा ते सांगितलं, थंडीत किती आणि उन्हाळ्यात किती तेही सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला. त्या माणसानं ऐकून घेतलं.

गाडी गेल्यावर आम्ही सोप्यावर चहा घेतला. पाने, पकडी, जॅक सगळं पोत्यात होतं. त्याचं काय करायचं असं बाईंनी विचारलं. जॅक मॅडमनी नेला, कशाला ते सांगितलं नाही. मला प्लगचा पाना मिळाला. अण्णांनी बाकीचं पोतं उचलून आत नेलं आणि देवघराशेजारच्या कपाटात ठेवलं. बाई म्हणाल्या, तिथं गहू ठेवायचेत. अण्णा म्हणाले, गहू दुसरीकडं ठेवा.